अंगणातली शाळा : ताराबाई मोडक यांचे जीवनकार्य

अंगणवाडी हा शब्द आज भारतातील बहुतेक सर्व भाषांत रुळला आहे. केरळातील खेड्यात, आसामच्या चहामळ्यांजवळ, राजस्थानच्या ढाणीत किंवा एखाद्या महानगराच्या झोपडवस्तीत गेल्यास तो शब्द थोड्याफार उच्चारभेदाने कानी पडतो. तो इतका सरकारी झाला आहे की, त्यातील अंगण आपल्याला सहसा दिसत नाही. या शब्दामागे एका मराठी स्त्रीचे सारे आयुष्य उभे आहे आणि त्या आयुष्यातील घडणीची वर्षे महाराष्ट्राबाहेर, सौराष्ट्राच्या भूमीवर गेली आहेत. परप्रांतात मराठी शाळा चालविणाऱ्या आपल्यासारख्यांना ताराबाई मोडक यांचे चरित्र या दोन्ही कारणांनी जवळचे वाटावे. शाळेच्या हीरक महोत्सवाच्या निमित्ताने त्यांच्या कार्याचे स्मरण करताना एक प्रश्न विशेषत्वाने समोर ठेवावासा वाटतो. आईचा पदर सोडून प्रथमच बाहेर पडलेल्या तीन-चार वर्षांच्या मुलाला शाळा घरासारखी वाटावी, यासाठी नेमके काय करावे लागते? ताराबाईंनी या प्रश्नाचे उत्तर एकदा नव्हे, तीनदा शोधले, आणि प्रत्येक वेळी ते अधिक साधे व अधिक अवघड होत गेले.

घडण

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. घरात प्रार्थना समाजाचे वातावरण होते, त्यामुळे मुलींच्या शिक्षणाला त्या काळी इतरत्र होई तसा विरोध झाला नाही. त्यांच्या बालपणाचा काही काळ इंदूरमध्ये गेला. होळकरांच्या त्या संस्थानी शहरात मराठी बोलणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती. घरात एक भाषा आणि बाजारात दुसरी, हा अनुभव महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या प्रत्येक मराठी मुलाचा असतो. पुढे गुजराती मुलांमध्ये काम करताना ताराबाईंना परकेपणा अडसर ठरला नाही, याचे मूळ कदाचित तेथे असावे.

१९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या पिढीत पदवीपर्यंत पोहोचलेल्या स्त्रिया फार थोड्या होत्या. त्यानंतर अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हे सहजीवन मात्र टिकले नाही. १९२१ साली पतिपत्नी कायदेशीररीत्या विभक्त झाली. त्या काळात घटस्फोटित स्त्रीला समाजात कोणते स्थान होते, हे वेगळे सांगायला नको. पदरी लहान मुलगी, हाती शिक्षण आणि पाठीशी स्वतःचे म्हणावे असे घर नाही, अशा स्थितीत ताराबाई राजकोटला गेल्या आणि तेथील बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेज या अध्यापिका विद्यालयाच्या प्राचार्या झाल्या. पद मानाचे होते, वेतन चांगले होते. एखादी व्यक्ती तेथेच स्थिरावली असती.

भावनगरची टेकडी

राजकोटपासून काही अंतरावर, भावनगरला, त्या वेळी एक निराळाच प्रयोग चालला होता. नानाभाई भट्ट यांनी १९१० साली स्थापन केलेल्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका नावाचे एक वकील येऊन दाखल झाले होते. स्वतःच्या मुलाला कसे शिकवावे या विवंचनेतून त्यांनी मारिया मॉंतेसरी यांचे लेखन वाचले आणि वकिली सोडून ते बालशिक्षणाकडे वळले. १९२० साली त्यांनी बालमंदिर सुरू केले. तख्तेश्वरच्या टेकडीवरील हे बालमंदिर पाहता पाहता साऱ्या गुजरातेत प्रसिद्ध झाले. भरघोस मिशांच्या या शिक्षकाला लोक प्रेमाने मिशाळ आई म्हणू लागले.

ताराबाईंनी १९२३ साली राजकोटची नोकरी सोडली आणि त्या भावनगरला आल्या. एका सुरक्षित पदाचा त्याग करून बालवर्गाची शिक्षिका होणे, ही त्या काळच्या दृष्टीने पदावनतीच होती. लहान मुलांना सांभाळण्यास विद्या कशाला लागते, असा समज तेव्हा सार्वत्रिक होता आणि तो आजही पुरता गेलेला नाही.

मॉंतेसरी यांनी १९०७ साली रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत जे पहिले केंद्र उघडले, त्याचे नावच मुलांचे घर असे होते. ज्या चाळवजा इमारतीत ती मुले राहत, तेथेच ते भरे. भावनगरच्या बालमंदिराने या कल्पनेला गुजराती रूप दिले. तेथे छडी नव्हती, परीक्षा नव्हती, पहिल्या क्रमांकाची चढाओढ नव्हती. शिक्षेप्रमाणेच बक्षिसालाही तेथे स्थान नव्हते. कारण भीतीने काम करणारे मूल आणि लालसेने काम करणारे मूल या दोघांचेही लक्ष कामावर नसून मोठ्यांच्या चेहऱ्यावर असते, अशी या मंडळींची धारणा होती. मुले स्वतःच्या हाताने पाणी घेत, आसने मांडत, फुले रचत, कपड्यांची बटणे लावायला शिकत. गोष्टी, गाणी, नाट्य आणि बागेतील भटकंती यांना साधनांइतकेच महत्त्व होते.

गिजुभाई कल्पक होते, तर ताराबाईंकडे त्या कल्पनांना शिस्त लावण्याची हातोटी होती. त्यांनी गुजराती भाषा आत्मसात केली, त्या भाषेत विपुल लिहिले आणि अध्यापक घडविण्याच्या कामाची जबाबदारी उचलली. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. संघाच्या शिक्षण पत्रिकेने हा विचार घरोघरी नेला. मुलांविषयी शिक्षकांशी बोलण्याइतकेच पालकांशी बोलणे आवश्यक आहे, हे त्यांनी पुरते ओळखले होते. बालमंदिरात तीन तास सन्मानाने वागविलेल्या मुलाला घरी गेल्यावर चापट बसत असेल, तर त्या दोन जगांमध्ये मूल फाटून जाते. शाळा घरासारखी व्हायची असेल, तर घरालाही थोडेसे शाळेसारखे व्हावे लागते. भावनगरच्या वर्षांत ताराबाईंना गवसलेले हे पहिले उत्तर होते.

दादरचा शिशुविहार

सुमारे नऊ वर्षांच्या वास्तव्यानंतर ताराबाईंनी भावनगर सोडले. १९३३ साली त्यांच्या संपादकत्वाखाली शिक्षण पत्रिकेची मराठी आवृत्ती निघू लागली आणि बालशिक्षणाचा विचार मराठी मध्यमवर्गाच्या माजघरात पोहोचला. मूल हट्ट का करते, खोटे का बोलते, जेवताना का रडते, त्याला अंधाराची भीती का वाटते, अशा नित्याच्या प्रश्नांकडे शास्त्रीय दृष्टीने पाहण्याची सवय या लेखनाने लावली. १९३६ साली मुंबईत दादर येथे त्यांनी शिशुविहार सुरू केला. त्याला जोडून बालशिक्षिकांच्या प्रशिक्षणाची सोयही झाली. चाळींत आणि नव्या वसाहतींत राहणाऱ्या, गावाकडचे मोठे घर मागे टाकून आलेल्या कुटुंबांच्या मुलांना येथे खेळायला जागा, समवयस्कांची सोबत आणि मायेने बोलणारी माणसे मिळाली. शेजारपाजारची मुले एकत्र येऊन एका छपराखाली वाढतात, हे दृश्य शहरालाही हवेसे वाटले.

शिशुविहार यशस्वी झाला. परंतु त्या यशातच ताराबाईंना एक उणीव जाणवू लागली. मॉंतेसरी यांचा प्रयोग कष्टकऱ्यांच्या वस्तीत जन्मला होता आणि भारतात तो सुखवस्तू घरांतील मुलांपुरता उरला होता. लाकडी ठोकळे, मनोरे, घासलेले पृष्ठभाग असणाऱ्या पाट्या, रंगांच्या पेट्या ही सारी साधने महाग होती. दरमहा फी देणारे, मुलाला वेळेवर सोडणारे व वेळेवर नेणारे पालक गृहीत धरलेले होते. देशातील बहुसंख्य मुले खेड्यांत होती आणि त्यांच्या आईवडिलांपाशी यांतले काहीही नव्हते. त्याच सुमारास गांधीजींनीही नयी तालीमचा विचार सात वर्षांखालील बालकांपर्यंत विस्तारला होता. हे काम खेड्यात जाऊनच करावे लागेल, असे ताराबाईंनी ठरविले. तेव्हा त्यांचे वय ५३ होते.

बोर्डीचे अंगण

तत्कालीन ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, गुजरातच्या सीमेलगत, समुद्रकाठी बोर्डी हे गाव आहे. चिकूच्या वाड्या, ताडा-माडांची झाडे आणि लांबवर पसरलेला किनारा यांमुळे ते रम्य वाटते. मात्र डोंगराकडच्या पाड्यांवर राहणाऱ्या वारल्यांची स्थिती भीषण होती. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको आयुष्यभर सावकाराच्या शेतावर राबत. त्यांना लग्नगडी म्हणत. १९४५ साली याच टापूत वेठबिगारीविरुद्ध वारल्यांनी उठाव केला. त्याच वर्षी, २४ डिसेंबर १९४५ रोजी, ताराबाईंनी बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले.

या कामात त्यांना एक असामान्य सहकारी लाभली. अनुताई वाघ या मूळच्या पुणे जिल्ह्यातील मोरगावच्या. तेराव्या वर्षी वैधव्य आले असता त्या खचल्या नाहीत. शिकून त्या शिक्षिका झाल्या. १९४५ सालीच एका शिबिरात त्यांची ताराबाईंशी भेट झाली आणि त्यांनी बोर्डीची वाट धरली. एक घटस्फोटित, दुसरी बालविधवा. रूढ अर्थाने ज्यांना घर उरले नव्हते, अशा दोन स्त्रियांनी पुढे हजारो मुलांना घराबाहेरचे घर दिले.

आरंभी गावात बालवाडी भरू लागली. काही मुले आली. परंतु ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप होता, त्या दलित आणि आदिवासी वस्त्यांतील मुले तेथे पुरेशा संख्येने येईनात. कारणे शोधू गेल्यास प्रत्येक वस्तीत तीच आढळत. आई पहाटे कामाला गेलेली असे. मुलाला अंघोळ घालून, केस विंचरून बालवाडीत पोहोचविणारे घरी कोणी नसे. अंगावर धड कपडा नसे. थोरल्या बहिणीच्या कडेवर धाकटे भावंड असे आणि ते सोडून ती कोठेही जाऊ शकत नसे. आणि या सर्वांहून बळकट कारण होते ते जातीचे अंतर. ज्या आळीत आपल्या आईबापांना कोणी ओट्यावर बसू देत नाही, त्या आळीतील बालवाडीत मुलाने निःशंकपणे पाऊल टाकावे, ही अपेक्षाच चुकीची होती.

अशा प्रसंगी संस्था बहुधा पालकांच्या अनास्थेला दोष देऊन मोकळ्या होतात. ताराबाईंनी दिशाच उलटी केली. मूल बालवाडीत येत नसेल, तर बालवाडी मुलाच्या अंगणात जाईल, असे त्यांनी ठरविले. अंगणवाडीचा जन्म या निर्णयातून झाला.

शिक्षिका सकाळी सामानाची पिशवी घेऊन वस्तीवर जाई. एखाद्या घरापुढची मोकळी जागा निवडून ती झाडून घेई. आवाज ऐकून मुले भोवती गोळा होत. कोणाचे तोंड धुवायचे, कोणाची नखे कापायची, कोणाच्या डोक्यातील गुंता सोडवायचा, असा दिवसाचा प्रारंभ असे. स्वच्छतेवर व्याख्यान देण्याऐवजी ती तेथेच, आईच्या आणि आजीच्या डोळ्यांदेखत घडत असे. मग गाणी, गोष्टी, खेळ. महागड्या साधनांची जागा परिसराने घेतली. किनाऱ्यावरचे शंख-शिंपले मोजण्यासाठी, चिंचोके आणि इतर बिया लहानमोठेपणा ओळखण्यासाठी, पानाफुलांचे रंग व वास ज्ञानेंद्रियांच्या शिक्षणासाठी, ओली माती हाताला वळण लागावे म्हणून. मॉंतेसरी यांचे तत्त्व तेच राहिले. लाकडाच्या जागी बांबू आला, इतकाच काय तो बदल.

तरीही हा बदल वाटतो त्याहून मोठा होता. अंगण ही घराची अशी जागा आहे की, ती घराचीही असते आणि शेजाऱ्यांचीही. तेथे आईची नजर पोहोचते आणि शेजारचे मूलही न विचारता येते. अशा जागी भरलेल्या शाळेत मूल पाहुणे नसते. पाहुणी असते ती शिक्षिका. घराच्या धन्याला ती विचारून बसते, तेथील पाणी पिते, तेथील बोली ऐकते. ज्या समाजात दलिताच्या घरचे पाणी वर्ज्य मानले जाई, तेथे ही साधी कृती कोणत्याही भाषणापेक्षा अधिक बोलकी होती. मुलाला आपण घरी आहोत असे वाटण्यासाठी भिंतीवरची चित्रे किंवा गोड स्वर पुरेसे नसतात. आपल्या आईला, आपल्या बोलीला, आपल्या दारिद्र्यालाही येथे कोणी कमी लेखत नाही, एवढी खात्री त्याला हवी असते. ताराबाईंना गवसलेले हे दुसरे उत्तर.

कोसबाडची टेकडी

१९५७ च्या सुमारास केंद्राचे काम बोर्डीहून काही मैलांवरच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. आता कामाचा केंद्रबिंदू पूर्णपणे वारली मुले हाच होता. येथे अंगणवाडीच्या पुढची अडचण उभी राहिली. पाच-सहा वर्षांचे झाले की मूल गुरांमागे जाई. मुलगी असेल तर तान्ह्या भावंडाला सांभाळी. घरच्या संसाराला त्यांच्या श्रमाची खरोखरच गरज होती. त्यांना शाळेत बसविणे म्हणजे घराचा एक हात तोडणे होते.

ताराबाई आणि अनुताई यांनी ही गरज खोटी ठरविली नाही. गुरे चारणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा काढली. गुरे चरत असताना झाडाखाली, गवतात, मुले शिकत. भावंडे सांभाळणाऱ्या मुलींसाठी विकासवाडीची योजना आली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. बहीण कडेवरच्या बाळाला पाळणाघरात ठेवी, मधल्या भावाला बालवाडीत सोडी आणि स्वतः निर्धास्तपणे वर्गात बसे. मध्येच बाळाचा आवाज आला, तर ती उठून पाहून येऊ शके. घरात भावंडे जशी एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर असतात, तशीच येथेही राहत. शाळेने वय पाहून मुलांची ताटातूट करण्याऐवजी कुटुंबाला कुटुंब म्हणूनच आत घेतले. हे तिसरे उत्तर होते, आणि तिन्हींत ते सर्वांत खर्चिक व कष्टाचे होते. मुलासाठी घर बनायचे तर शाळेला आपले वेळापत्रक, इमारत आणि वर्गवारी या साऱ्यांची फेरमांडणी करावी लागते, हे त्यातून दिसून आले.

येथे एक भान ठेवले पाहिजे. घर हा शब्द उच्चारताच आपल्या मनात ऊब, माया आणि भरलेले ताट उभे राहते. कोसबाडच्या अनेक मुलांच्या घरी भरलेले ताट नव्हते. त्या घरांत उपास होता, ताप होता, कर्जाची धास्ती होती. तेव्हा घरासारखी शाळा याचा अर्थ घराची हुबेहूब नक्कल असा ताराबाईंनी कधी घेतला नाही. घराने दिलेले जे मोलाचे, म्हणजे भाषा, नाती, गाणी, मातीशी व जंगलाशी असलेली ओळख, ते शाळेने जपायचे. आणि घर इच्छा असूनही जे देऊ शकत नाही, ते शाळेने द्यायचे. वारल्यांच्या कुडाच्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने चितारलेली माणसे व झाडे पाहत वाढलेल्या मुलाला रेषा आणि आकार शिकविताना शून्यापासून आरंभ करण्याचे कारण नव्हते. त्याच्यापाशी काय आहे हे आधी पाहणे, हीच तेथील अध्यापनाची रीत होती.

वारसा

भारत सरकारने १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण देऊन त्यांचा गौरव केला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. अनुताईंनी पुढे जवळजवळ दोन दशके कोसबाडचे काम सांभाळले आणि वाढविले. त्यांनाही १९८५ साली पद्मश्री लाभली. १९९२ साली त्याही गेल्या. कोसबाडची टेकडी आज पालघर जिल्ह्यात मोडते आणि बालशिक्षणाच्या अभ्यासकांसाठी ती एक तीर्थस्थानच आहे.

ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. तिच्या वस्तीपातळीवरील केंद्राला अंगणवाडी हेच नाव मिळाले. सहा वर्षांखालील बालकांना पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी आणि पूर्वप्राथमिक शिक्षण देणारी अशी सुमारे १४ लाख केंद्रे आज देशात आहेत. एवढ्या प्रचंड विस्तारात मूळ कल्पनेतील काही गोष्टी निसटणे स्वाभाविक होते. पोषणाच्या नोंदवह्यांत गाणी-गोष्टींचा वेळ हरवतो, सेविकेचे मानधन तिच्या कामाच्या मानाने तुटपुंजे राहते. तरीही ज्या ज्या वस्तीत सेविका मुलांना नावाने ओळखते, न आलेल्या मुलाच्या दारी स्वतः जाते, तेथे तेथे बोर्डीचे ते अंगण अजून जिवंत आहे.

आपली शाळा ६० वर्षांपूर्वी सुरू झाली, तेव्हा तिच्यामागेही घराचीच ओढ होती. नोकरी-व्यवसायानिमित्त मुलूख सोडून आलेल्या कुटुंबांना आपल्या मुलांनी आजीशी आजीच्या भाषेत बोलावे, असे वाटत होते. त्या पिढीत मुले आपसूक येत असत. आज महाराष्ट्राबाहेरील मराठी शाळांपुढचा प्रश्न निराळा आहे. मराठी घरे शहरभर विखुरली आहेत, घरातली मराठीही पातळ झाली आहे आणि आपल्या बालवर्गात इतर भाषा बोलणाऱ्या कामकरी कुटुंबांची मुलेही बसू लागली आहेत. ही मुले का येत नाहीत किंवा आली तर मुकी का बसतात, याची चर्चा आपल्या सभांतून होत असते. ताराबाईंच्या चरित्रातून त्यावर एक कार्यक्रमच मिळतो. विखुरलेल्या वसाहतींत आठवड्यातून एकदा कोणाच्या तरी गच्चीत वा अंगणात गाणी-गोष्टींचा मेळा भरविणे, आईवडिलांना शाळेत बोलावण्याआधी शिक्षकांनी त्यांच्या घरी जाऊन येणे, हिंदी, गुजराती, तेलुगू किंवा कन्नड बोलत आलेल्या बालकाचे पहिले शब्द त्याच्याच भाषेत ऐकून घेणे, धाकट्या भावंडाला घेऊन आलेल्या मुलीला दारातून परत न पाठविणे, यांपैकी कशालाही मोठी इमारत वा मोठा निधी लागत नाही.

सौराष्ट्रात मराठी बाईने गुजराती मुलांना गुजरातीतून आपलेसे केले आणि पुढे त्याच रीतीने ती वारली पाड्यांवर गेली. हीरक महोत्सवानंतरच्या पहिल्या वर्षासाठी आपल्या बालवर्गाने अशी एखादी वस्ती निवडावी आणि पिशवी घेऊन तेथवर चालत जावे. ताराबाईंच्या स्मृतीला याहून उचित अभिवादन कोणते असेल!